पायाखालचे काम

एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यातले काळे रान उलते. भेगा इतक्या रुंद होतात की त्यांत हात सहज जातो. मृगाचा पाऊस पडला की माती फुगू लागते आणि आषाढापर्यंत त्या भेगा मिटून जातात. हे रान स्वतःच स्वतःला नांगरते, असे या मातीबद्दल म्हटले जाते आणि शेतकऱ्याला ते नव्याने सांगावे लागत नाही. पण हीच माती घराखालीही असते, हे घर बांधताना आपण विसरतो. मग दोन-तीन पावसाळ्यांत नव्या फरशीला भिंतीच्या समांतर चीर जाते, खोलीचा मधला भाग किंचित वर येतो, दार खाली घासू लागते आणि दोष टाइल्सच्या कंपनीवर किंवा मिस्त्रीवर जातो. फरशी आणि जिना यांचे आयुष्य वरून दिसणाऱ्या थरावर फारच थोडे अवलंबून असते. ते ठरते खालच्या भरावावर, मोजमापावर आणि नंतर घातलेल्या पाण्यावर. ही तिन्ही कामे घरच्या माणसांच्या आवाक्यातली आहेत, आणि ती त्यांनी पुन्हा आपल्या हातात घ्यावीत, असे माझे म्हणणे आहे.

आधी मातीचे गणित पाहू. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण पापुद्र्यांसारखे असतात आणि पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. पाणी शिरले की माती फुगते, निघून गेले की आकसते. घर बांधल्यावर खोलीच्या मधोमध असलेल्या मातीवर ऊन पडत नाही, त्यामुळे तिथला ओलावा टिकून राहतो, हळूहळू वाढतोही. भिंतीलगतची माती मात्र दर पावसाळ्यात भिजते आणि दर उन्हाळ्यात वाळते. एकाच फरशीखाली एक भाग कायम ओलसर आणि दुसरा वर्षातून एकदा वर-खाली होणारा, अशी स्थिती निर्माण होते. वर कितीही महागडी टाइल लावली तरी ती या हालचालीला आवर घालू शकत नाही.

यावरचा उपाय आपल्याच राज्यात अभ्यासला गेला आहे. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घकाळ प्रयोग केले. न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा, नीट दाबलेला थर वर असेल, तर खालच्या काळ्या मातीचे फुगणे वरपर्यंत जवळजवळ पोचत नाही, असे त्यांनी दाखवले. कालव्यांच्या अस्तरासाठी ही पद्धत देशभर वापरली गेली. घराच्या बाबतीत ती ऐकायला वाटते तितकी अवघड नाही. जोते दोन फूट उंच असेल आणि आतली काळी माती फूटभर काढून टाकली, तर चांगल्या मुरमाला जवळजवळ एक मीटर जागा मिळते. मुरूम एकदम ओतून वरवर चोपून चालत नाही. वीतभरापेक्षा कमी जाडीचा थर पसरायचा, पाणी शिंपडायचे, धुम्मसाने ठोकायचे, मगच पुढचा थर. भराव स्वस्त पडावा म्हणून पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती पुन्हा खोलीत लोटण्याची पद्धत सर्रास आहे. फरशीचा पुढचा सगळा खर्च त्याच क्षणी धोक्यात येतो.

जमीन घडवणे हे एकेकाळी घरातलेच कौशल्य होते. कोलाम आणि गोंड वस्त्यांतली बांबूच्या कुडाची घरे असोत किंवा गावातली कवेलूची, त्यांची जमीन मुरूम-माती ठोकून केली जाई आणि बाया ती शेणाने सारवून राखत. कुठे पोपडा निघाला, कुठे उंदराने पोखरले, कोणत्या कोपऱ्यात ओल येते, हे त्या हातांना माहीत असे. म्हणून मातीच्या जमिनीकडे परत जावे, असे मात्र मी म्हणणार नाही. मेक्सिकोतील कोआहुइला राज्याने २००० साली ‘पिसो फिर्मे’, म्हणजे पक्की जमीन, या नावाने मातीची जमीन असलेल्या घरांत सिमेंटची जमीन करून देण्याचा कार्यक्रम सुरू केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात, घरातली सगळी जमीन पक्की झाल्यास लहान मुलांमधील जंतांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी, अतिसाराचे ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षयाचे ८१ टक्क्यांनी कमी होते, असा निष्कर्ष निघाला. रांगणाऱ्या मुलासाठी पक्की जमीन हे औषधच आहे. त्या कार्यक्रमाची रीतही लक्षात ठेवण्यासारखी होती. सरकार काँक्रीट दारात आणून देई, तर खोल्या मोकळ्या करणे आणि काँक्रीट पसरून सारखे करणे यात कुटुंबाचा हात असे.

आपल्याकडेही वेगळे नाही, उलट एक पाऊल पुढे आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीणमध्ये घरकुल लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते आणि ठेकेदार नेमण्यास मनाई आहे. सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटर जागा आणि रोजगार हमीतून ९० दिवसांच्या अकुशल कामाची मजुरी, अशी योजनेची मूळ रचना आहे. कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमनमध्ये घरासाठी २ लाखांची तरतूद झाली. म्हणजे यवतमाळच्या खेड्यात ‘आपले घर आपणच करा’ ही रिकाम्या वेळची हौस नाही, शासनाने ठरवून दिलेली पद्धत आहे. प्रश्न उरतो तो इतकाच, की स्वतः करायचे म्हणजे नेमके काय करायचे. माझ्या मते भरावानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे पाणी मारणे.

सिमेंट वाळून घट्ट होते हा गैरसमज आहे. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते. पाणी लवकर उडून गेले की ती क्रिया अर्धवट राहते, कोब्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि झाडताना रोज थोडी पूड निघते. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस ओलावा राखायला सांगते. कोरड्या, उष्ण हवेत तो काळ १० दिवसांहून कमी नसावा आणि राख मिसळलेले सिमेंट असेल तर १४ दिवसांपर्यंत न्यावा, असेही त्यात म्हटले आहे. आता आपली परिस्थिती पाहा. दुकानात मिळणारे बहुतेक सिमेंट राख मिसळलेलेच असते. कापूस विकून पैसा हातात येतो तेव्हा उन्हाळा तोंडावर असतो, आणि यवतमाळचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. म्हणजे १४ दिवसांचा नियम जणू आपल्यासाठीच लिहिलेला आहे. मिस्त्री रोजंदारीवर असतो. कोबा झाला की दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या कामावर जातो. ते १४ दिवस फक्त घरच्यांकडेच असतात. पाण्याची टंचाई असेल तर सतत पाणी ओतण्याची गरज नाही. बारदान भिजवून अंथरावे आणि त्यावर प्लास्टिकचा कागद टाकून कडा दाबाव्यात, म्हणजे थोड्या पाण्यात ओल टिकते.

टाइल्स लावताना मिस्त्रीचे कौशल्य खरोखरच लागते, पण तिथेही घरच्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, त्यामुळे साधे सिमेंटचे पाणी तिला नीट धरत नाही. तिच्यासाठी चिकटवायचा वेगळा मसाला लागतो, आणि तो टाइलच्या संपूर्ण पाठीला लागला पाहिजे. चार कोपऱ्यांत आणि मध्ये मालाचे गोळे ठेवून टाइल दाबली की खाली पोकळी राहते आणि भांडे पडताच ती फुटते. लाकडी मुठीने प्रत्येक टाइल ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर मसाला ओला असतानाच ती उचलून पुन्हा बसवता येते.

जिन्यात चूक झाली तर किंमत जास्त मोजावी लागते, कारण तिथे माणूस पडतो. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या घरात पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाय टेकण्याची रुंदी किमान २५० मिलिमीटर सांगते. फ्रेंच वास्तुतज्ज्ञ ब्लाँदेल यांनी सतराव्या शतकात मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो. पायरीच्या उंचीची दुप्पट आणि रुंदी यांची बेरीज ६० ते ६५ सेंटिमीटर यावी, कारण सामान्य माणसाचे पाऊल साधारण तेवढेच पडते. खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत ३ मीटर अंतर असेल, तर १७ उंच्यांत भागल्यावर प्रत्येक उंची १७६ मिलिमीटरच्या जरा पुढे येते. रुंदी २७० ठेवली तर बेरीज साडेबासष्ट सेंटिमीटरच्या आसपास बसते. हे गणित शाळकरी पोरगाही करील. अडचण ‘तयार फरशी’ या दोन शब्दांत आहे. जिना ओतला जातो तेव्हा फरशी झालेली नसते. मग पायऱ्यांवर ४० मिलिमीटरचा थर चढतो आणि दोन्ही मजल्यांच्या जमिनीवर ७५ मिलिमीटरचा. परिणामी पहिली पायरी ३५ मिलिमीटरने ठेंगणी होते आणि शेवटची तेवढीच उंच. १७६ च्या जागी खाली १४१ आणि वर २११. पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढे न बघता चालतो, म्हणून असा फरक त्याला फसवतो. अमेरिकी घरबांधणी संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या पायरीत ९.५ मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. आपण सहज ७० चा फरक करून बसतो, आणि तो अंधारात उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला येतो. उपायाला पैसा लागत नाही. साचा लावण्यापूर्वी समपातळी दाखवणाऱ्या पाणीनळीने दोन्ही मजल्यांच्या तयार फरशीची रेघ भिंतीवर मारायची आणि वरच्या थराची जाडी धरून पायऱ्या भिंतीवर आखायच्या.

यावर काही आक्षेप रास्त आहेत. मिस्त्रीला वीस वर्षांचा अनुभव आहे, घरच्यांनी त्यात का पडावे? माझे म्हणणे थापी हिसकावून घेण्याचे नाही. जिन्याचा तिरपा स्लॅब, त्यातली सळई, वीज, ही कामे जाणकाराचीच. जुन्या घरात पायालगत खोल खोदणेही स्वतः करू नये. टाइल कोरडी कापल्यावर उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते, म्हणून कापणी पाणी लावून आणि मास्क घालूनच व्हावी. दुसरा आक्षेप बचतीचा. एवढी मेहनत करून उरणार किती? घरकुलात तरी स्वतःच्या श्रमाला ९० दिवसांची मजुरी जोडलेली आहे. शिवाय एकदा फुटलेली फरशी उखडून पुन्हा घालण्याचा खर्च वाचतो, तीच मोठी बचत. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ‘घरच्यांनी करायचे’ म्हणजे शेवटी बाईने करायचे. सारवण तिचेच होते, आता १४ दिवस पाणी वाहणेही तिच्याच डोक्यावर येईल. ही भीती खरी आहे. म्हणून हे काम घरातल्या सगळ्यांत वाटून घ्यायला हवे आणि मजुरीच्या हजेरीवर काम करणाऱ्या बाईचे नाव असायला हवे. जमिनीची जाण पिढ्यान्‌पिढ्या तिने सांभाळली, तेव्हा भराव कसा आणि रेघ कुठे, हे ठरवतानाही तिचा शब्द मोजला जावा.

चौथा आक्षेप असा की कितीही केले तरी काळी माती हलणारच. हलेलही, पण किती, हे बरेचसे आपल्या हातात आहे. छपराचे पाणी भिंतीच्या मुळाशी न पडू देता पन्हाळीने दूर नेणे, घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला पक्का पट्टा करणे, न्हाणीचे पाणी जोत्यालगत न मुरू देणे, यांमुळे भिंतीखालच्या मातीचे भिजणे-वाळणे कमी होते. कोबा एकसंध न ओतता मीटर-दीड मीटरचे चौकोन पाडले, तर आकसण्याची चीर सांध्यात जाते, खोलीभर आडवीतिडवी धावत नाही.

फरशी बसली की तिच्याखालचे सगळे झाकले जाते. काळी माती काढली होती का, मुरूम थराथराने ठोकला होता का, कोब्याला पाणी मिळाले होते का, हे पुढे कोणालाच दिसत नाही. त्यामुळे टाइल्सचा रंग निवडण्याच्या दिवसापेक्षा टाइल्स बसण्याच्या आदल्या दिवसाला जास्त मोल आहे. त्या दिवशी घरातल्यांनी पाणीनळी आणि टेप घेऊन खोलीत उभे राहावे, कोबा ठोकून पाहावा, जिन्याची पहिली आणि शेवटची उंची मोजून भिंतीवर लिहावी. तिथे चूक सापडली, तर ती दुरुस्त करायला अजून एक दिवस हातात असतो.