नेवार वास्तुपरंपरा : जीर्णोद्धार आणि प्राचीनता

काठमांडू खोऱ्यातील नेवार वास्तू मुख्यतः विटा, त्या सांधणारी माती आणि साल वृक्षाचे लाकूड यांची असते. एकावर एक चढत गेलेली उतरती छपरे ‘टुंडाल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिरप्या, कोरीव लाकडी आधारांवर पेललेली असतात. पाऊस, वाळवी आणि भूकंप यांमुळे अशा बांधणीचे भाग वेळोवेळी बदलावेच लागतात. जीर्णोद्धार हा येथे अपवाद नसून वास्तूच्या जीवनक्रमाचाच भाग होय. म्हणूनच तिच्या प्राचीनतेचा प्रश्न बिकट ठरतो.

चांगुनारायण येथील मानदेवाचा शिलालेख इ. स. 464 चा आहे. परंतु लिच्छवीकालीन वास्तूंची कल्पना प्रामुख्याने शिलालेख आणि पाषाणमूर्ती यांवरूनच करावी लागते. आज दिसणारी बहुतेक थोर मंदिरे उत्तर मल्लकाळातील आहेत. पाटणचे पाषाणी शिखरशैलीतील कृष्णमंदिर 1637 चे, तर भक्तपूरचे पाच छपरांचे न्यातपोल 1702 चे आहे. यावरून ही परंपरा मल्लकाळातच आकारास आली, असा समज होणे स्वाभाविक आहे.

काष्ठमंडपाने या समजास धक्का दिला. काठमांडू या नावाचे मूळ असलेला हा सार्वजनिक मंडप, बाराव्या शतकातील एका हस्तलिखितात उल्लेख आढळतो म्हणून, त्याच शतकातील मानला जात असे. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात तो कोसळला. त्यानंतरच्या उत्खननात त्याचा पाया सातव्या शतकापर्यंत मागे जात असल्याचे, तसेच तो शाबूत असल्याचे आढळले. पुढे पारंपरिक साहित्य व पद्धती वापरून मंडप पुन्हा उभारण्यात आला. हे काम 2022 मध्ये पूर्णत्वास गेले.

ग्रंथाचा पहिला उल्लेख म्हणजे त्याचा रचनाकाळ नव्हे, आणि मूळ प्रत नष्ट झाली तरी नकलांच्या परंपरेतून संहिता टिकते, हे साहित्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. नेवार वास्तूलाही हाच न्याय लागू पडतो. नवे लाकूड ही नवी प्रत. आराखडा, प्रमाणे आणि विधी ही संहिता.

मात्र नक्कल करणारे हात हवेत. हे कार्य शतकानुशतके ‘गुठी’ या संस्थांनी केले. मंदिरांस लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून त्या पूजा, उत्सव आणि डागडुजी चालवीत आल्या. 2019 मध्ये गुठींविषयीच्या विधेयकास नेवार समाजाने रस्त्यावर उतरून विरोध केला आणि शासनाने ते मागे घेतले. या विरोधामागे केवळ जमिनीचा वाद नव्हता. वास्तूचा पाठ पुढे नेण्याचा अधिकार कोणाचा, हाही प्रश्न त्यात होता.