रिकामी बंदूक

बंदुकीच्या अपघातानंतर एक वाक्य हटकून ऐकू येते: “मला वाटले, बंदूक रिकामी आहे.” असे सांगणारा मनुष्य बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटलेले असते, आणि अनर्थाचे मूळ त्या वाटण्यातच असते.

श्रोतेहो, बंदूक ही घरोघरी आढळणारी वस्तू नव्हे. तथापि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाना घेतलेला शेतकरी, वाडवडिलांची दुनळी वारशाने आलेले गृहस्थ, बँकेच्या दारातील रखवालदार, छात्रसेनेत प्रथमच रायफल हाती धरणारी मुले-मुली आणि खंडेनवमीला घरचे शस्त्र पुसून पूजेला मांडणारी कुटुंबे, या सर्वांचा तिच्याशी संबंध येतो. तेव्हा बंदूक हाताळण्याच्या सवयींचा थोडा विचार करणे अस्थानी होणार नाही.

अमेरिकेच्या मरीन दलात अधिकारी राहिलेले जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी हे सारे शास्त्र चार नियमांत बसविले. पहिला नियम असा की, प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे. दुसरा, ज्याचा नाश आपल्याला नको आहे त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही वळू देऊ नये. तिसरा, नेम धरून बार काढण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर नेऊ नये. चौथा, आपण कशावर नेम धरला आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे ओळखल्याखेरीज बार काढू नये.

या नियमांचे मर्म असे की, ते एकमेकांचे राखणदार आहेत. एखाद्याकडून पहिला नियम मोडला, पण नळीचे तोंड जमिनीकडे असले, तर फार तर जमिनीत खड्डा पडेल. मनुष्याची चूक होणारच, असे गृहीत धरून ही रचना केलेली आहे. चापासंबंधीच्या नियमाचेही कारण शरीरातच आहे. पाय घसरला किंवा मनुष्य एकाएकी दचकला, की त्याची मूठ आपोआप आवळते. त्या क्षणी बोट चापावर असेल, तर बार काढणारा तो नसतो. त्याचे दचकणे असते. म्हणून बोट चापाबाहेर, बंदुकीच्या अंगाला सरळ टेकलेले असावे.

“पण बंदुकीला खटका असतो ना?” असे कोणी विचारील. खटका लावावा हे खरेच. परंतु त्यावर विसंबू नये. कित्येक दुनळी बंदुकांत खटका केवळ चाप अडवितो. आतील घोडे मात्र ताणलेलेच राहतात. अशी बंदूक दगडावर आपटली, तर खटका लावलेला असूनही बार उडू शकतो. यासाठी कुंपण ओलांडताना, झाडावर किंवा मचाणावर चढताना, गाडीत बसताना आणि घरात शिरण्यापूर्वी काडतुसे काढून घेणे हाच राजमार्ग होय. ती काढली म्हणजे नळी उघडून डोळ्यांनी पाहावे, अंधार असल्यास बोटाने चाचपावे. बंदूक दुसऱ्याच्या हाती देताना ती उघडी करून द्यावी, आणि घेणाऱ्यानेही पुन्हा पाहून घ्यावे. यात अविश्वास मानण्याचे कारण नाही.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निराळी. ती मागून उघडत नाही. त्यामुळे आत बार आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही. रिकाम्या नळीत गज किती आत जातो याची खूण त्यावर करून ठेवतात. गज त्या खुणेपर्यंत गेला नाही, तर आत काहीतरी आहे असे जाणावे. ही परीक्षा करतानाही तोंड नळीसमोर आणू नये.

काडतुसांच्या बाबतीत एक धोका विशेष सांगण्याजोगा आहे. बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी अरुंद. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या बंदुकीत घातले, तर ते पुढे घसरून नळीत अडकते. चाप ओढूनही बार उडत नाही. धन्याला वाटते, आपण काडतूस घालायचेच विसरलो. तो मागून १२ बोअरचे काडतूस घालतो, आणि नळी त्याच्या हातातच फुटते. २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला तो याच कारणाने. दोन्ही काडतुसे एका खिशात कधीही ठेवू नयेत. तसेच चाप ओढूनही बार उडाला नाही, तर बंदूक लगेच उघडू नये. नळी निर्धोक दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. काही वेळा दारू उशिरा पेट घेते.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस देशाच्या काही भागांत अद्याप आहे. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि तिला वऱ्हाडी ओळखता येत नाहीत. साध्या .२२ रायफलीची गोळीदेखील मैलभर जाऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने, इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याच्या हमीचीही तरतूद केली आहे.

घरात बंदूक कुलपात असावी, काडतुसे दुसऱ्या कुलपात असावीत, आणि किल्ली मोठ्यांच्या कमरेला असावी. कपाटावर लपविणे म्हणजे सुरक्षित ठेवणे नव्हे. लपविलेली वस्तू शोधण्यात मुलांइतके पटाईत कोणी नसते. मुलांना एवढेच शिकवावे: हात लावू नको, तेथून दूर जा आणि मोठ्यांना सांग.

नेमबाजीच्या मैदानावर, जेथे हाताळणारे सारे जाणकारच असतात, तेथेही बार न काढणाऱ्या बंदुकीच्या घरात रंगीत निशाणी अडकवून ठेवतात. ती रिकामी आहे हे दुसऱ्याला दुरून दिसावे, एवढाच तिचा हेतू असतो. ही गोष्ट आपल्या घरीही उचलण्याजोगी आहे. येत्या खंडेनवमीला बंदूक पूजेसाठी काढाल, तेव्हा गंध-अक्षता वाहण्यापूर्वी ती उघडून सर्वांसमक्ष पाहा, आणि पूजा आटोपताच कुलपात ठेवा. शस्त्राचा मान राखणे म्हणतात ते हेच.