परागंदा (लेखांक ६) : बापाचा देश, मुलाचं गाव

गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्याच्या बाजूला गेलं की विवेकानंदपूर, खुदिरामपल्ली, देशबंधुग्राम अशी गावं लागतात. गोंड-माडियांच्या या मुलखात बंगालच्या थोरांची नावं आली ती पूर्व पाकिस्तानातल्या निर्वासितांबरोबर. मागच्या लेखांकात आपण रायपूरजवळच्या निर्वासितांच्या माना छावणीपर्यंत पोहोचलो होतो. पूर्व पाकिस्तानातल्या १९६४च्या दंग्यांनंतर आलेली असंख्य कुटुंबं तिथून पुनर्वसनाच्या दंडकारण्य प्रकल्पात, म्हणजे कोरापुट-बस्तरकडे पाठवली गेली. काहींना महाराष्ट्राने तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवलं. चामोर्शी, मुलचेरा इथल्या वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. चंद्रपूर शहरातला बंगाली कॅम्प तर सगळ्यांच्या तोंडी आहे.

या वस्त्यांचा विचार करताना मला विटोल्ड गोम्ब्रोविच या पोलिश लेखकाची ‘ट्रान्स-अटलांटिक’ ही कादंबरी आठवते. ऑगस्ट १९३९मध्ये तो बोटीने ब्युनॉस आयर्सला पोहोचला आणि १ सप्टेंबरला हिटलरने पोलंडवर हल्ला केला. तो परतला नाही. १९६३पर्यंत अर्जेंटिनातच राहिला, काही वर्षं तिथल्या एका पोलिश बँकेत नोकरी केली. कादंबरीचा निवेदक त्याच्याच नावाचा आहे. पोलिश वकिलातीतले लोक आधी त्याला झापतात आणि मग ‘आमचा थोर लेखक’ म्हणून मिरवायला निघतात. देश बुडत असताना या मंडळींना चिंता असते ती थोरवी दाखवण्याची. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा बाप आपल्या एकुलत्या मुलाला लढायला पाठवायला निघालेला असतो, आणि गोन्झालो नावाचा माणूस विचारतो : बापाचाच देश का? मुलाचा देश का नको?

कादंबरी १९५३मध्ये पॅरिसमध्ये पुस्तकरूपाने आली आणि परदेशातले पोलिश वाचक खवळले. त्यांचा राग मला समजतो. घर गमावलेल्या माणसापुढे घराची टिंगल केली तर ती जिव्हारी लागणारच. पण गोन्झालोचा प्रश्न खरा होता आणि आजही खरा आहे.

मुलचेऱ्यातल्या आजोबांच्या बोलण्यात खुलना, बरिसाल येतं. नातू मराठी शाळेत शिकतो, घरी बांगला बोलतो, दुर्गापूजेच्या मंडपात राबतो आणि धानाच्या भावाची चिंता शेजारच्या गावाइतकीच करतो. त्याचा देश कोणता, हा प्रश्न त्याला स्वतःला पडत नाही, तो बाहेरून विचारला जातो. कुणी त्याला ‘बांगलादेशी’ म्हणून हिणवतं. १९६४मध्ये त्याचे आजोबा निघाले तेव्हा बांगलादेश अस्तित्वातच नव्हता, तो १९७१मध्ये झाला!

कागदावरचा अन्याय याहून खोल आहे. या निर्वासितांत नमःशूद्र समाज मोठ्या संख्येने आहे. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. अस्पृश्यतेचा जाच तोच, माणसंही तीच, पण राज्य बदललं म्हणून सवलत गेली. फॉर्म भरताना गडचिरोलीत जन्मलेल्या पोरीला आजोबांच्या मुलखाचा हिशेब द्यावा लागतो. कादंबरीतल्या बापाचा हट्ट इथे सरकारी रकाना धरून बसला आहे.

एक गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. या वसाहतींसाठी जंगल तुटलं, आणि त्या जंगलावर ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या वावर होता त्या आदिवासींना कुणी विचारलं नाही. तिथली कुरबुर खरी आहे, तिला केवळ द्वेष म्हणून झटकणं चूक ठरेल. पण त्याचं उत्तर सरकारने द्यायचं आहे, खुदिरामपल्लीत जन्मलेल्या मुलाने नव्हे. निर्वासित आणि आदिवासी, दोघांनाही न विचारता त्यांचं भवितव्य ठरवलं गेलं, हे दोघांनी एकत्र बसून मांडलं तर फार बरं होईल.

अनुसूचित जातींच्या यादीत नाव घालण्याचा अधिकार घटनेच्या कलम ३४१ नुसार संसदेला आहे. तेव्हा गडचिरोली-चिमूरचे मतदार असाल तर खासदार भेटतील तेव्हा एवढं जरूर विचारा : नमःशूद्रांच्या प्रश्नावर तुम्ही लोकसभेत काय बोललात?