पिशवीतल्या झांजा

अंधेरीहून चर्चगेटकडे जाणारी संध्याकाळची स्लो. उलट्या दिशेची, त्यामुळे उभं राहण्यापुरती जागा होती. दारापाशी एक पोरगा पाठीला गोल, चपटी, काळी पिशवी अडकवून उभा होता. पिशवी चांगली परातीएवढी. पार्ल्याला गर्दीचा लोंढा आत आला आणि पिशवीची कड माझ्या बरगडीत रुतली. आता विचारायचा हक्कच मिळाला.

"काय आहे रे यात?"

"झांजा, काका." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "म्हणजे सिम्बल्स. ड्रम्सच्या."

"आणि ड्रम्स कुठे आहेत?"

"ते तिथेच असतात."

तिथे म्हणजे लोअर परळला. तिथल्या एका क्लबात रात्री तीन बँड वाजवणार होते, त्यातला पहिला याचा. क्लबात ढोल, स्टँड, स्टूल तयार असतं. ड्रमरने फक्त नाजूक आणि स्वतःच्या हाताचा ऐवज आणायचा: झांजा, मधला कडक आवाजाचा स्नेअर आणि पायाने मारायचं पेडल. या धंद्यात त्याला 'ब्रेकेबल्स' म्हणतात. स्नेअर याच्या गिटारवाल्याकडे होता, पेडल दप्तरात. जेवणाचा डबाही त्याच दप्तरात, पेडलच्या खाली, हे मला नंतर कळलं.

मला दादरला उतरायचं होतं. दादर आलं आणि मी उतरलो नाही.

त्याचं कारण त्या झांजांचा धातू. पोराने सांगितलं, चांगली झांज म्हणजे ऐंशी भाग तांबं आणि वीस भाग कथील. हे तर आपलं कासं! आजी जिने तळपायाला तूप चोळायची ती काशाची वाटी थोड्याफार फरकाने याच मिश्रणाची. कथील इतकं वाढवलं की धातू ठिसूळ होतो, आपटला तर तडकतो, पण नाद असा लांबतो की साध्या पितळेला ते जमत नाही. मी त्याच्या पिशवीवर टिचकी मारून पाहिली, आतून बारीक गुणगुण आली. पोराच्या झांजांवर झिल्जियन हे नाव होतं. या घराण्याचा धंदा 1623 साली इस्तंबूलमध्ये सुरू झाला. अव्हेदिस नावाचा आर्मेनियन कारागीर सोनं करायच्या नादात होता, हाती हा नाद लागला, अशी कथा सांगतात. आडनावाचा अर्थ झांजा घडवणाऱ्याचा मुलगा. आपल्याकडे असता तर झांजकर झाला असता. घराणं पुढे अमेरिकेत गेलं आणि त्याच्या झांजा जगभर गेल्या. त्यातल्याच दोन अंधेरीहून लोकलने लोअर परळला निघाल्या होत्या, आणि मी त्यांच्या मागे.

मथुरादास मिलच्या आवारात शिरताना जरा थबकलो. याच आवारात 2007 च्या अखेरीस ब्लू फ्रॉग नावाचं संगीताचं ठिकाण सुरू झालं होतं. गिरणीच्या जुन्या गोदामात गोल गोल बैठका, खालीवर पायऱ्यांवर मांडलेल्या, आणि समोर स्टेज. ते 2016 मध्ये बंद पडलं. मुंबईचं रॉक शोधायचं म्हणजे असंच बंद पडलेल्या जागांचा माग काढत जायचं. या संगीताला स्वतःचं घर कधीच नव्हतं. नाटकाला शिवाजी मंदिर आहे, शास्त्रीय संगीताला षण्मुखानंद आहे. रॉक मात्र भाडेकरू, तोही अकरा महिन्यांच्या करारावरचा.

सर्वांत थोर भाडेकरार धोबीतलावचा. झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं. 1978 मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव तिथेच सुरू झाला आणि 1986 मध्ये फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव तिथेच रुजला. वर्षानुवर्षं देशभरचे बँड तिथे वाजवायला यायचे, आणि तिथे वाजवलं म्हणजे बँड झाला, एवढी त्या स्टेजची पत. मुळात तो परिसरच वाद्यांचा. फुर्टाडोजचं दुकान 1865 पासूनचं. गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची मुंबईतली बिऱ्हाडं, तिथेच; त्या कुडांत खाट टाकून राहिलेल्या वादकांनी हॉटेलांतला जॅझ आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा वाजवले. पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाला एका बाजूला कॉलेज आणि हाकेच्या अंतरावर कामा आणि जी.टी. ही दोन रुग्णालयं. कुठल्याही बाजूने मोजा, जागा क्षेत्रात. तिथला आवाज बंद झाला. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर नियम बरोबरच, पण शहराने त्याच्या बदल्यात दुसरी जागा दिली नाही, ही तक्रार मला रास्त वाटते. नंतर जुहूच्या एका हॉटेलातलं रॅझबेरी ऱ्हायनोसरस, मग गिरणीची गोदामं, मग मॉलमागचे बार, अशी ही बिऱ्हाडं हलत राहिली. इंडिपेंडन्स रॉकही काही वर्षांच्या खंडानंतर 2022 च्या नोव्हेंबरात माझगावच्या लॉनवर परतला.

आम्ही आत गेलो तेव्हा साउंडचेक चालू होतं. इथे एक उलटा कायदा आहे. रात्री सर्वांत शेवटी जो वाजवणार तो सर्वांत आधी आवाज तपासतो आणि पहिला वाजवणारा सर्वांत शेवटी. म्हणजे माइक आणि तारांची शेवटची मांडणी पहिल्या बँडचीच राहते आणि पडदा उघडताच तो सुरू होऊ शकतो. तर्क पक्का आहे. व्यवहारात मोठ्या बँडचं साउंडचेक लांबतं आणि धाकट्यांच्या वाट्याला दहा मिनिटं उरतात. आमच्या पोराला दहाच मिळाली. त्यातली तीन कूंऽऽ अशा शिट्टीत गेली. गणपतीच्या मांडवात वाढलेल्या माणसाला ही शिट्टी नवी नाही. माइक स्पीकरचा आवाज ऐकतो, स्पीकर तोच पुन्हा मोठा करतो, माइक पुन्हा ऐकतो, आणि चक्र चढत जातं. मांडवातला कार्यकर्ता धावत जाऊन ती बंद करतो. इथे गिटारवाला मुद्दाम ॲम्पच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, ती शिट्टी हळूच बोलावली आणि तार किंचित ओढून तिला मींड दिली.

आता खरी गोष्ट. माझा आजवरचा समज असा, की रॉकच्या गिटारीतून गोंगाट येतो. तो कसला गोंगाट असतो, हे मी त्या रात्री पहिल्यांदा कान देऊन ऐकलं.

विजेच्या गिटारीला सहसा पोकळ पोट नसतं. तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सातआठ हजार वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलीशी वीज उमटते. ती इतकी क्षीण की ॲम्पशिवाय ऐकू येणार नाही. मग ॲम्पमध्ये तिला झेपेल त्यापेक्षा जास्त ढकलायचं. लाटेचे शेंडे छताला आपटून कापले जातात. याचंच नाव डिस्टॉर्शन. आणि कापलेल्या लाटेत मुळात नसलेले स्वर जन्माला येतात: वाजवलेल्या दोन स्वरांची बेरीज आणि वजाबाकी.

म्हणून या आवाजात गिटारवाले सहसा दोनच स्वर धरतात. पॉवर कॉर्ड म्हणतात त्याला. ते दोन कोणते? सा आणि प. तंबोऱ्याचे!

गणित सोपं आहे. सा दोनशे कंपनांचा धरा, पंचम तीनशेचा. वजाबाकी शंभर, म्हणजे खालचा खर्ज. कोणी वाजवला नाही तरी पोटात घुमतो तो हाच. बेरीज पाचशे. आणि पाचशे म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. तंबोरा सुरेल लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो म्हणून ज्याची कौतुकं आपण पिढ्यानपिढ्या करतो, तो स्वयंभू गंधार. वाट वेगळी: तंबोऱ्यात तो तारेच्या अंगचा, इथे तो ॲम्पच्या अतिरेकातून आलेला. पण मुक्कामाला तोच. लोअर परळच्या एका अंधाऱ्या खोलीत, काळ्या टी-शर्टांच्या घोळक्यात, मला गंधार ऐकू आला आणि माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला.

मग गिटारवाला तो गंधार स्वतः का वाजवत नाही? कारण पडद्यांवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा किंचित चढा असतो. हार्मोनियमवर आपल्याकडे जो आरोप होतो, तोच. वाजवलेला आणि आपोआप आलेला असे दोन गंधार एकमेकांशी भांडतात, शिवाय बाकीच्या बेरजा-वजाबाक्यांची खिचडी होते. शांत, स्वच्छ वाजवताना ते खपतं. डिस्टॉर्शन चढवलं की खपत नाही. या मुलांना ही कारणं कोणी शिकवलेली नाहीत. कान सांगतो, बोट तिसऱ्या तारेवरून उचललं जातं.

पहिल्या बँडने पंचवीस मिनिटं वाजवलं. समोर तीसेक माणसं असतील, त्यातली निम्मी पुढच्या दोन बँडमधली. हा विनोद नाही, ही या जगाची रचना आहे. मुंबईत गिटारवाले उदंड, ड्रमर मोजके. कारण चाळीच्या खोलीत गिटार शिकता येते, ड्रम्स शिकता येत नाहीत. त्यासाठी गाद्या आणि फोम ठोकलेली जॅम रूम तासावर भाड्याने घ्यावी लागते. म्हणून एकेक ड्रमर तीन-चार बँडांत वाजवतो, आणि एका बँडवरून दुसऱ्याचा शोध घ्यायची हीच सोपी वाट आहे. झीरो या बँडचे ड्रमर सिद कुटो पुढे 'टफ ऑन टोबॅको'चे गायक झाले. झीरोचेच गिटारवादक वॉरन मेंडोन्सा यांनी 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने शब्दांशिवायचं गिटारसंगीत केलं. विशाल-शेखर जोडीतले विशाल ददलानी सिनेमात यायच्या आधीपासून पेंटाग्राम या बँडचे गायक. सिनेमाचा पडदा जरा सरकवला की मागे हाच छोटा घोळका दिसतो.

आपली गाणी वाजवायची ही जिद्दही इथे कमावलेली आहे. एक काळ असा होता की बँड म्हणजे परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल. 1972 मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांसोबत स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात चक्क वाजवूनही गेले. आठवणी सांगणाऱ्यांची संख्या पाहता त्या क्लबात त्या रात्री निम्मी दक्षिण मुंबई मावलेली दिसते. पण स्वतःच्या गाण्यांची आख्खी रेकॉर्ड काढून दाखवली ती 1984 मध्ये जमलेल्या रॉक मशीनने: उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळी. 1988 मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली, 1993 मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. पुढच्या पिढीत साहिल माखिजाचा डेमॉनिक रेझरेक्शन हा मेटल बँड 2010 मध्ये नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवून आला. त्यांच्या पाठोपाठचा भयानक मौत. नाव ऐकून घाबरू नका. रामसे बंधूंच्या सिनेमाची पोस्टरं पाहत वाढलेल्या शहराला असंच नाव सुचणार.

भाषा मात्र बराच काळ इंग्रजीच राहिली, आणि मराठी वाचक या सगळ्याकडे पाठ करून बसला त्याचं मोठं कारण तेच असावं. अलीकडे 'अभंग रिपोस्ट' हा मुंबईचा बँड संतांचे अभंग गिटार, बेस आणि ड्रम्सवर गातो. ऐकण्याआधी मला ही युक्ती वाटली होती. ऐकल्यावर मत बदललं. अभंगाचं ध्रुपद मुळातच घोळक्याने म्हणायचं, रॉकचा कोरसही तसाच. आणि टाळांच्या जागी झांजा आल्या तर धातूचं गोत्र काही बदलत नाही.

दोन सूचना. कानात फोमचे बोळे घाला, त्यात लाज नाही, वादक स्वतः घालतात. 85 डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो. दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, आणि छोट्या खोलीत 100 सहज होतात. बोळ्यांनी गंधार हरवत नाही, मी घालून आणि काढून दोन्ही करून पाहिलं.

दुसरी, तिकिटावर ज्याचं नाव सर्वांत बारीक अक्षरात असेल त्याच्या वेळेला पोचा. त्याला साउंडचेकला दहाच मिनिटं मिळालेली असतात आणि तो झांजा घेऊन लोकलने आलेला असतो.