संबोधनातील समता
मराठीतील ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ही रूपे केवळ व्याकरणाची नाहीत. ती माणसामाणसांतील अंतर दर्शवितात. आईला म्हटलेला ‘तू’ मायेचा असतो. परंतु वृद्धासही जात पाहून ‘अरे-तुरे’ करणे हा अवमानच होय.

महापरिनिब्बान सुत्तानुसार ज्येष्ठ भिक्खूने कनिष्ठास नावाने किंवा ‘आवुसो’ म्हणून आणि कनिष्ठाने ज्येष्ठास ‘भन्ते’ म्हणून संबोधावे. ही ज्येष्ठता उपसंपदेपासूनच्या काळावरून ठरते, जन्मावरून नव्हे.

पूर्वी गावात महारांनी करावयाच्या ‘जोहार’मध्ये जातीची पायरी होती; ‘जय भीम’चे उत्तर मात्र ‘जय भीम’च असते. म्हणून आपल्या दारी येणाऱ्या सफाई कामगारास आपण ‘तुम्ही’ म्हणतो काय, हे तपासणे सम्यक् वाचेचाच अभ्यास आहे, असे आम्ही मानतो.