वही बदलली, हिशेबाची शिस्त तीच

धुळ्याच्या पेढ्यांमध्ये दिवाळीच्या शारदापूजनाला आता वहीशेजारी संगणकही मांडलेला दिसतो. वर्षभराचा रोजमेळ, खतावणी आणि ताळेबंद त्याच्याच पोटात असतो. मात्र या यंत्राला हिशेब ज्या भाषेत सांगितला जातो, त्या भाषेची ओळख घरातील फार थोड्यांना असते. मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्राकडे वळली की घरात प्रश्न निघतो : कोणती भाषा शिकावी? सी, जावा की पायथन?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. सी ही भाषा १९७०च्या दशकाच्या आरंभी आली, पायथन १९९१ साली, जावा १९९५ साली. भाषांची चलती बाजारातील मालासारखी चढते-उतरते. त्यांच्या मुळाशी असलेली तत्त्वे मात्र थोडी आणि टिकाऊ आहेत. ती ज्याला उमगली, त्याला दुसरी भाषा शिकणे म्हणजे नवा गाव, पण व्यापार जुनाच.

नाव आणि प्रकार

पहिले तत्त्व नाव देण्याचे. जीएसटीचा एखादा दर आज्ञावलीत शंभर ठिकाणी आकड्याने लिहिला, तर दर बदलताच शंभर जागा शोधाव्या लागतात; एखादी हमखास सुटते. त्याऐवजी ‘करदर’ असे नाव एकदाच ठरवून सर्वत्र तेच वापरले, तर एका जागी बदल पुरतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी १२ टक्क्यांच्या गटातील बहुतेक वस्तू ५ टक्क्यांवर आल्या, तेव्हा या साध्या शिस्तीचे मोल व्यापाऱ्याला सहज कळावे.

नावाला कक्षाही असते. प्रत्येक पेढीत ‘शेठजी’ म्हणजे कोण, हे त्या पेढीच्या उंबरठ्याआत स्पष्ट असते. बाहेर तोच शब्द दुसऱ्याचा असतो. संगणकाच्या भाषेतही आज्ञावलीच्या एका भागातील नाव दुसऱ्या भागात आपोआप चालत नाही.

दुसरे तत्त्व प्रकाराचे. ४२४००१ हा धुळ्याचा पिन कोड अंकांचा आहे, तरी त्याची बेरीज कोणी करत नाही. तो खरे तर मजकूर आहे. यंत्राला हे सांगावे लागते. कित्येक भाषांत १२ आणि ५ हे मजकूर म्हणून दिले, तर त्यांची ‘बेरीज’ १७ न होता १२५ होते.

रुपयांच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे लागते. संगणक दशांश संख्या सहसा द्विमान पद्धतीने साठवतो आणि त्या पद्धतीत ०.१ ही संख्या पूर्ण मावत नाही, जशी आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश मावत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांच्या बेरजेत ०.३ च्या पुढे सतराव्या घरात एक ४ शिल्लक राहतो. एका बिलात त्याला किंमत नाही, पण हजारो नोंदींच्या मेळात पैशाचा फरक पडू शकतो. जाणते आज्ञावलीकार यासाठीच रक्कम पैशांच्या पूर्णांकात किंवा अचूक दशांश प्रकारात ठेवतात.

अट आणि आवर्तन

कोराडो ब्योम आणि ज्युझेप्पे याकोपिनी या इटालियन संशोधकांनी १९६६ साली दाखवून दिले की कोणतीही गणनप्रक्रिया तीन रचनांत बसवता येते : क्रमाने करणे, अटीनुसार निवडणे आणि पुन्हा पुन्हा करणे.

यांपैकी अट ही व्यापाऱ्याच्या रोजच्या परिचयाची. ‘पाच हजारांच्या वर खरेदी असेल तर सूट’ हे वाक्य मुनिमाला पुरते. नेमकी पाच हजारांचीच खरेदी झाली, तर तो गिऱ्हाईक पाहून ठरवतो. यंत्र असे ठरवत नाही. ‘पाच हजारांहून अधिक’ आणि ‘पाच हजार किंवा अधिक’ या त्याच्या लेखी दोन वेगळ्या आज्ञा आहेत.

आवर्तनाचे थोर उदाहरण खानदेशाच्या भूमीशी जोडलेले आहे. धुळ्याच्या दक्षिणेस, चाळीसगावजवळच्या डोंगरात पाटणे हे स्थान आहे. तेथील शके ११२८चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. या ग्रंथांतील ‘बीजगणित’ इ. स. ११५०च्या सुमाराचे. त्यात चक्रवाल पद्धती आहे. भास्कराचार्यांपूर्वी जयदेवानेही ती मांडली होती. ज्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा वर्गच येतो, ती शोधा, असा तो प्रश्न. एक अंदाज घ्यावा, ठरलेल्या नियमाने त्यातून पुढचा काढावा आणि फरक १ उरेपर्यंत हेच चक्र चालवावे. या वाटेने मिळणारे सर्वांत लहान मूळ २२,६१,५३,९८० आहे. आरंभ, नियम आणि थांबण्याची अट, ही आवर्तनाची तिन्ही अंगे येथे आहेत. यांतील थांबण्याची अट चुकली, तर यंत्र घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते.

स्वतःलाच बोलावणारा नियम

त्याच शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्र ‘छंदोनुशासन’ रचत होते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तर ठरावीक मात्रांचा चरण किती प्रकारे भरता येईल? चरणाचे शेवटचे अक्षर लघू असेल तर आधी एक मात्रा कमी उरते. गुरू असेल तर दोन कमी. म्हणून मागील दोन उत्तरांची बेरीज म्हणजे पुढचे उत्तर : १, २, ३, ५, ८, १३. हीच संख्यामाला पुढे १२०२ साली इटलीच्या फिबोनाचीच्या ग्रंथात आली आणि त्याच्या नावाने जगभर रूढ झाली. मोठा प्रश्न त्याच जातीच्या लहान प्रश्नावर सोपवायचा आणि सर्वांत लहान प्रश्नाचे उत्तर हाती ठेवायचे, हे पुनरावर्तन होय. विद्यार्थ्यांना ते शिकवताना आजही बहुधा हेच उदाहरण दिले जाते.

याचा अर्थ आपल्या पूर्वजांनी संगणक बनवला होता असा नव्हे. भास्कराचार्य आणि हेमचंद्राचार्य बुद्धिमान माणसासाठी लिहीत होते. सूत्रात न लिहिलेले गुरू समजावून देत असे. संगणकाला असा गुरू नाही आणि मुनिमाची समजही नाही. जे लिहिले, तेवढेच तो करतो. नियम चुकीचा असेल तर ती चूक प्रत्येक बिलात निष्ठेने उतरवतो. आणि त्या बिलावर नाव असते पेढीचे, यंत्राचे नव्हे.

म्हणून मुलांना शिकवणीला घालण्यापूर्वी घरीच एक कसोटी घ्यावी. आपल्या दुकानात उधारीवर व्याज कधी लागते, किती लागते आणि कोणाला माफ होते, हे त्यांना मराठीत, कागदावर, एकही गोष्ट गृहीत न धरता लिहायला सांगावे. बहुतेकदा पहिल्या दहा ओळींतच चार शंका निघतील आणि त्यांतील एक-दोन अशा असतील की ज्यांचे उत्तर स्वतः शेठजींनाही कधी ठरवावे लागले नव्हते. त्या शंका सुटल्या, की उरलेले काम कोणत्याही भाषेत करता येते.