चाक जमिनीला टेकेपर्यंत

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात चाकाच्या बाबतीत कुणाला फसवणं अवघड आहे. १९६६ मध्ये टेल्को इथं आली, आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार होऊ लागल्या आणि मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपं भोसरी-चिंचवडभर उभी राहिली. कुणी रिम बनवतं, कुणी हब टर्न करून देतं, कुणी ब्रेक ड्रमचं मशिनिंग करतं. अशा माणसांना संगणकावर केलेली गाडीची फिल्म दाखवली, की रंगाची झळाळी आणि काचेतलं आभाळ राहतं बाजूला, नजर थेट खाली जाते. गाडी चाललीय की कुणी दोरीनं ओढतंय? गेल्या तीसेक वर्षांत इथल्या अ‍ॅनिमेशनवाल्यांना हा प्रश्न चुकलेला नाही, आणि त्यांचं बरंचसं तंत्र त्याचं उत्तर देण्यातच घडत गेलं.

१९८९ च्या ‘हमारा बजाज’च्या जाहिरातीत हा प्रश्न येण्याचं कारणच नव्हतं. स्कूटर खऱ्या होत्या, रस्ते खरे होते, आणि चाक किती फिरायचं हे रस्ता ठरवत होता. संगणकात रस्ता नुसता दिसायला असतो. गाडीचा सांगाडा ही एक वस्तू, चाक ही दुसरी. एक सरकते, एक फिरते, आणि सांगितल्याशिवाय दोघांचा काही संबंध नाही. डॉसवर चालणारं ‘थ्रीडी स्टुडिओ’ १९९० मध्ये आलं, विंडोजवरचं ‘मॅक्स’ १९९६ मध्ये, ‘माया’ १९९८ मध्ये. टेल्कोची इंडिका गाडीसुद्धा त्याच वर्षीची. डीलरांच्या मेळाव्यात दाखवायची फिल्म, प्लांटचा माहितीपट, अजून लाइनवर न आलेल्या गाडीची झलक अशी कामं संगणकावर होऊ लागली ती याच सुमारास.

पहिली पद्धत सरळ होती. पहिल्या फ्रेमला गाडी इथं, शेवटच्या फ्रेमला तिथं. चाक पहिल्या फ्रेमला शून्य अंशावर, शेवटच्या फ्रेमला अमुक इतके फेरे घेऊन. गाडी एकाच वेगानं जात असेल तर हे जमून जातं. वेग बदलला की बिंग फुटतं. गाडी जागेवरून निघून पाच सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरला पोचते असं धरू. सारखा वेग वाढवत ती २५ मीटर जाते. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर, म्हणजे फेरे झाले जवळपास १३. आता हे १३ फेरे पाच सेकंदांत सारखे वाटून दिले, तर पहिल्याच सेकंदात चाक अडीच फेरे घेतं. गाडी मात्र त्या सेकंदात फक्त एक मीटर सरकलेली असते, ज्याला अर्धा फेरा पुरे. निघतानाच चाक चिखलात रुतल्यासारखं गरगरतं, आणि शेवटी गाडी पुढे पळते तेव्हा मागे पडतं. बर्फावरची गाडी म्हणून खपली असती. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर नाही खपत.

उपाय शाळेतल्या भूमितीचा आहे: गेलेलं अंतर भागिले त्रिज्या. चाकाच्या फिरण्याला स्वतंत्र कीफ्रेम, म्हणजे अमुक फ्रेमला अमुक कोन अशी खूण, द्यायचीच नाही, ते गाडीच्या अंतरावरून काढायचं. माया-मॅक्समध्ये एका ओळीचं एक्स्प्रेशन लिहिलं की झालं. पण अ‍ॅनिमेटरला वेगाचा आकडा हातात हवा असतो, कारण दिग्दर्शक ‘इथं जरा हळू’ असं म्हणतो, ‘इथं साडेतीन मीटर कमी’ असं म्हणत नाही. मग मोह होतो तो वेग गुणिले वेळ या सूत्राचा. हे सूत्र चुकीचं आहे असं पाहणाऱ्याला पटकन वाटत नाही, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

समजा, चाक दर फ्रेमला १२ अंश फिरतं. शंभराव्या फ्रेमला कोन झाला १२०० अंश. पुढच्या फ्रेमला वेग किंचित कमी केला, ११ अंश. संगणक गुणाकार करतो: १०१ गुणिले ११, म्हणजे ११११. बाराशेवरचं चाक एका फ्रेममध्ये ८९ अंश मागे! गाडीनं फक्त हलका ब्रेक मारला आहे आणि चाक उलटं उसळी घेतं. हीच गोष्ट हजाराव्या फ्रेमला केली तर उसळी जवळपास हजार अंशांची. शॉट जितका लांब तितका घोटाळा मोठा, म्हणून छोट्या चाचणीत तो दिसतही नाही.

डॅशबोर्डवर याचं उत्तर कायम समोर असतं. वेग दाखवणारा काटा खालीवर होतो, पण किलोमीटर मोजणारे आकडे आधीच्या बेरजेत नुसती भर घालत जातात. चाकाला दुसऱ्या मीटरशी जोडायचं. आधीच्या फ्रेमचा कोन घ्यायचा, त्यात या फ्रेमपुरतं फिरणं मिळवायचं. १२०० अधिक ११, १२११. गणिताच्या भाषेत हे संकलन, आणि बदलत्या वेगाचं चाक पटण्याजोगं फिरवण्याचा निम्मा अर्क एवढाच आहे.

उरलेला निम्मा मात्र चिवट. बेरजेला आठवण लागते. टाइमलाइन पुढेमागे ओढली की आधीची फ्रेम कुठली हेच बदलतं आणि कोन भरकटतो. रेंडर, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र काढण्याचं काम, चार मशीनवर वाटून दिलं तर चौथ्या मशीनला पहिल्यावर काय झालं याचा पत्ता नसतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला चाक झटका देतं. म्हणून सगळं आधी एकदा क्रमानं चालवायचं, प्रत्येक फ्रेमचा कोन कायमचा लिहून ठेवायचा, म्हणजे ‘बेक’ करायचा, आणि मगच रेंडरला पाठवायचं. गाडी रिव्हर्स घेतली तर अंतर वजा झालं पाहिजे, त्यासाठी गाडीचं तोंड कुठे आणि ती सरकतेय कुठे हे पडताळावं लागतं. वळणावर बाहेरच्या चाकाचा रस्ता लांब, आतल्याचा आखूड. डिफरेन्शियल असतो तो याचसाठी. गाडीच्या मध्यबिंदूचं एकच अंतर चारही चाकांना देणारी फिल्म गिअरबॉक्सवाल्याला दाखवून बघा. फोर्कलिफ्ट जागेवर वळताना पुढचं आतलं चाक जवळपास थांबलेलं असतं, हे शॉपफ्लोअरवरच्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. परदेशातही, २००६ मध्ये पिक्सारनं ‘कार्स’ हा अ‍ॅनिमेशनपट केला तेव्हा गाड्यांची चाकं रस्त्याला आपोआप चिकटून राहतील अशी खास व्यवस्था त्यांना बांधावी लागली होती.

बजाजचा चाकणचा प्लांट १९९९ चा. २००१ ची पल्सर तिथली. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ चाकणमध्ये आल्या. या काळापर्यंत गाडीचं चाक डिझाइनच्या कॅड फाइलमधून जसंच्या तसं अ‍ॅनिमेशनमध्ये येऊ लागलं होतं, नटबोल्टसकट. आकार इतका नेमका, की वेगळीच अडचण उघडी पडली. जुन्या सिनेमात तांग्याची चाकं उलटी फिरताना आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. अलॉय चाकांनी तोच खेळ संगणकात मांडला. पाच आऱ्यांचं चाक, दोन आऱ्यांत ७२ अंश. सेकंदाला २५ फ्रेम. चाक दर फ्रेमला बरोबर ७२ अंश फिरलं तर प्रत्येक आरा पुढच्याच्या जागी येतो आणि चाक थिजल्यासारखं दिसतं. वरच्याच टायरसाठी हा वेग निघतो ताशी ३५ किलोमीटर. साडेसतरा ते पस्तीस या पट्ट्यात चाक उलटं फिरल्याचा भास होतो. ताशी ७० नं येणारी गाडी थांबवली, तर चाक ७० ला थिजलेलं, मग उलटसुलट, ३५ ला पुन्हा थिजलेलं, आणि शेवटी कुठे खरोखर सरळ फिरत थांबतं. हिशेब अगदी बरोबर असूनही चित्र खोटं!

यावर औषध मोशन ब्लरचं. खऱ्या कॅमेऱ्याचं शटर थोडा वेळ उघडं असतं, तेवढ्यात आरे पुसट होतात. संगणकात हे नीट कसं करायचं ते लुकासफिल्मच्या रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कारपेंटर यांनी १९८४ मध्येच मांडलं होतं. त्यांचं बिलियर्डच्या घरंगळत्या चेंडूंचं चित्र अजून पाठ्यपुस्तकांत असतं. पण ब्लर म्हणजे रेंडरचा वेळ, आणि सकाळी फिल्म द्यायची असली की सर्वांत आधी कात्री त्यालाच लागे. शिवाय अनेक रेंडरर दोन क्षणांमधली हालचाल सरळ रेषेत धरत, त्यामुळे फिरणारा आरा वर्तुळात पुसट न होता तिरका फाटे. मधले टप्पे वाढवावे लागत. कॅमेरा जागेवर उभा असेल तर आणखी एक बारकावा: जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि चाकाचा माथा गाडीच्या दुप्पट वेगानं जातो. म्हणून खालचे आरे स्पष्ट, वरचे पुसट. चाक सगळीकडे सारखंच धूसर केलेली जाहिरात मला अजून टोचते, पण ते बहुधा माझं खूळ असेल.

वेग बदलताना गाडी पटते ती फक्त चाकामुळे असंही नाही. ब्रेक लागला की नाक खाली, पिकअप घेतला की मागचा भाग खाली, सस्पेन्शन मागून येऊन स्थिरावतं. हे नसेल तर चाक कितीही अचूक फिरवा, गाडी कागदीच राहते. उलट क्वचित सूत्र मुद्दाम मोडावंही लागतं. जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होतं, गाडी सरकत राहते. तेव्हा अंतर भागिले त्रिज्या हे खोटं असतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) सक्तीचं झालं. त्याची माहिती देणारी फिल्म म्हणजे चाक जरा अडलं, सुटलं, पुन्हा अडलं हे दाखवणं. तिथं घसरण चुकून आलेली नसते, मोजून घातलेली असते.

आता काम पुष्कळसं गेम इंजिनवर होतं. तिथं फ्रेमची लांबी पक्की नसते, म्हणून दर फ्रेमला किती वेळ गेला ते विचारून तेवढीच भर घालायची, आणि कोन वाढत वाढत अचूकता गमावू नये म्हणून ३६० नंतर पुन्हा शून्याकडे आणायचा. वेग वाढला की खऱ्या आऱ्यांच्या जागी धूसर चकतीचं चित्र अलगद येतं. जून २०२२ मध्ये आकुर्डीत बजाजच्या इलेक्ट्रिक चेतक स्कूटरचा नवा प्लांट सुरू झाला आणि वेगाचा हिशेबही बदलला; तिची मोटर निघताक्षणी पूर्ण जोर देते, त्यामुळे गाडी पेट्रोलच्या स्कूटरसारखी रेंगाळत निघालेली दाखवली तर ती चेतक वाटत नाही.

आणि अलीकडे, वाक्य लिहून दिलं की थेट व्हिडिओ काढून देणारी साधनं आली आहेत. रंग, धूळ, घाटातलं ऊन सगळं सुरेख. चाकाकडे पाहिलं तर अनेकदा निघताना पाच आरे, वळणावर सहा, थांबताना परत पाच. त्यांच्याकडे कोनही नाही आणि त्रिज्याही नाही, तेव्हा बेरीज करायची कशाची? भोसरीतला एखादा क्वालिटी इन्स्पेक्टर ते पहिल्या पाहण्यातच रिजेक्टच्या बिनमध्ये टाकेल.